वॉरंटीतली गाडी आणि घरचा पाना

नव्या गाडीचं बॉनेट उघडून काही केलं की वॉरंटी गेली, ही भीती आपल्याकडे इतकी पक्की आहे की अनेक जण साधा एअर फिल्टर बदलायलाही सर्व्हिस सेंटरची वेळ घेतात. ही भीती अनाठायी आहे. मात्र वॉरंटी कशावर उभी असते ते आधी समजून घ्यायला हवं.

वॉरंटी म्हणजे कारखान्यात राहून गेलेल्या दोषाची कंपनीने घेतलेली जबाबदारी. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, फिल्टर हे वापराने झिजणारे भाग सहसा त्यात धरलेलेच नसतात. टायर आणि बॅटरीची हमी बहुधा त्या त्या उत्पादकाची असते. म्हणजे या भागांची देखभाल घरी केल्याने मुळात नसलेलं काही हातचं जात नाही. प्रश्न येतो तो आपल्या कामामुळे दुसरा भाग बिघडला, तर.

इथे भारतीय स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४ चा आदेश माहीत असावा. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणाऱ्या १४ मोटार कंपन्यांना आयोगाने एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्याच आदेशात असंही सांगितलं, की ग्राहकाने स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. त्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या अपिलात गेल्या, म्हणून या आदेशावर विसंबून बेफिकीर राहू नये. पण त्यातलं तत्त्व योग्य आहे: बिघाड आणि काम यांचा संबंध दिसला पाहिजे.

दुसरीकडे, ठरलेल्या सर्व्हिस ठरलेल्या किलोमीटरला अधिकृत ठिकाणी कराव्यात, अशी अट वॉरंटीच्या पुस्तिकेत बहुधा असते. त्यामुळे माझा सल्ला असा, की वॉरंटी असेपर्यंत त्या सर्व्हिस चुकवू नका आणि घरचं काम मधल्या काळात करा. धूळ, सततची वाहतूक कोंडी, रोजच्या छोट्या फेऱ्या असा वापर असेल, तर इंजिन ऑइल लवकर बदला असं बऱ्याच पुस्तिकाच सांगतात. पुण्या-मुंबईतल्या बहुतेक गाड्या याच वर्गात मोडतात.

हे ऑइल घरी बदलता येतं. पुस्तिकेत दिलेला ग्रेड आणि लिटर तंतोतंत पाळा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकांना अडण लावून उभी करा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, जॅकस्टँड हवेतच. इंजिन कोमट असताना चेंबरचा बोल्ट काढून ऑइल पूर्ण निथळू द्या. बोल्टला नवा वॉशर घाला आणि सांगितलेल्या टॉर्कलाच आवळा. बऱ्याच गाड्यांचे चेंबर ॲल्युमिनियमचे असतात. जोर जास्त झाला की आटे जातात. फिल्टर काढल्यावर त्याची जुनी रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघा. तिच्यावर नवा फिल्टर बसला तर दाबाने ऑइल बाहेर फेकलं जातं आणि इंजिन जाम होऊ शकतं. असं इंजिन वॉरंटीत बदलून मिळणार नाही, आणि ते योग्यच आहे. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावून फिल्टर बसवा, ऑइल भरा, इंजिन थोडं चालवून गळती तपासा. मग बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक पाहा. पातळी वरच्या खुणेपुढे जाऊ देऊ नका. जुनं ऑइल गटारात अजिबात ओतू नका. ते घातक कचऱ्यात मोडतं. ते रिसायकलिंगला देणाऱ्या गॅरेजमध्ये पोचतं करा.

हात लावू नये अशी गोष्ट म्हणजे वायरिंग. मोठा हॉर्न, जादा दिवे किंवा म्युझिक सिस्टीमसाठी मूळ वायर कापली, की पुढे कुठलाही विजेचा बिघाड तुमच्या माथी मारायला जागा मिळते. एअरबॅग आणि हायब्रिड गाडीतल्या नारिंगी केबल यांच्याजवळ तर जाऊच नये. तिथे जिवाशी गाठ आहे.

प्रत्येक कामाचा पुरावा ठेवा: गाडीचा नंबर लिहिलेलं ऑइल-फिल्टरचं बिल, ऑइलच्या डब्यावरच्या ग्रेड आणि बॅच नंबरचा फोटो, त्या दिवशीच्या ओडोमीटरचा फोटो. हे सगळं एकाच फाइलमध्ये असू द्या.

तरीही क्लेम नाकारला गेला, तर काउंटरवरच्या तोंडी उत्तरावर परत फिरू नका. कोणता भाग, कशामुळे बिघडला आणि तुमच्या कामाचा त्याच्याशी संबंध काय, हे लेखी मागा. जॉबकार्डवर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत नोंदवून घ्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा आणि गरज पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जा. तिथे वकील लावण्याची सक्ती नाही.