पास्का, वल्हांडण आणि गरी: एका प्रवासाच्या निमित्ताने काही शब्दविचार

चिखली तालुक्यातील उंद्री हे प्रस्तुत लेखकाचे गाव. तेथून समुद्र फार दूर. आमच्याकडे मासा म्हणजे नदीचा किंवा तलावाचा, आणि हौसेने मासे धरावयाचे साधन म्हणजे गरी. आमच्या वडिलांच्या पिढीस गोवा हा परदेश होता. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तेथे पोर्तुगिजांचा अंमल होता, आणि बुलढाण्याच्या माणसास तो लिस्बनइतकाच परका वाटे. २०२५ च्या एप्रिलात एका स्नेह्यासह मी तेथे गेलो तो दोन हेतू मनात धरून. साळ नदीच्या मुखाशी बेतूल येथे गरीने मासे धरावे, आणि तेथील ख्रिस्ती समाजाचा ईस्टरचा सणही पाहावा. हौसेची मासेमारी आणि परमुलखातील सण ह्यांची अशी सांगड घालण्याची चाल हल्ली पुष्कळ दिसते, व ती सोपी भासते. आम्हांस ती साधली नाही. का साधली नाही, हे शोधताना जे हाती लागले ते येथे मांडतो.

चूक सर्वस्वी आमची होती. आम्ही होडी ठरवू पाहिली ती शुक्रवारी, १८ एप्रिलला. सुट्टीचा दिवस, एवढेच आमचे गणित. वृद्ध होडीवाल्याने शांतपणे नकार दिला. त्या दिवशी ख्रिस्ताच्या मरणाचे स्मरण करावयाचे असते. होडी लोटावयाची नसते. आदल्या दिवसाच्या मिस्सेपासून चर्चच्या घंटाही मुक्या असतात, आणि त्या पुन्हा वाजतात त्या शनिवारी रात्री, नवा अग्नी चेतवून मोठी मेणबत्ती लावली जाते त्या विधीत. आम्ही तो शुक्रवार काठावर बसून काढला आणि शब्द गोळा केले.

पहिला शब्द सणाच्या नावाचा. गोव्यातील ख्रिस्ती माणूस ईस्टरला 'पास्कांचें फेस्त' म्हणतो. मूळ हिब्रू 'पेसाह', त्यावरून ग्रीक व लॅटिन 'पास्खा', त्यावरून पोर्तुगीज 'पास्कोआ', आणि तेथून कोकणी. 'फेस्त' हेही पोर्तुगीज 'फेस्ता'च होय. त्याआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळास 'कोरेज्म' म्हणतात. हे पोर्तुगीज 'क्वारेज्मा'चे रूप, आणि त्याच्या बुडाशी 'चाळिसावा' ह्या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. ह्या काळात शुक्रवारी मांस वर्ज्य असते, मासा वर्ज्य नसतो. तेव्हा कोळ्याचा धंदा आणि हा उपास ह्यांचे वैर नाही.

मराठी बायबलाच्या भाषांतरकारांनी मात्र 'पेसाह' ह्या यहुदी सणासाठी वेगळाच शब्द योजला: 'वल्हांडण'. सागरकिनारी हा शब्द ऐकला की 'वल्हे' आठवते, आणि माझ्या स्नेह्याने तीच व्युत्पत्ती मोठ्या उत्साहाने मांडली. ती अर्थातच खोटी आहे. हा शब्द 'ओलांडणे'च्या कुळातला. आरंभीच्या 'ओ'चा 'व' होणे ग्रामीण बोलींत नित्याचे असून, निजलेल्या मुलास ओलांडू नये म्हणून आमच्याकडची आजी 'लेकराले वलांडू नको' असेच म्हणते. मिसरात रक्ताची खूण केलेली घरे वगळून संहार पुढे गेला, ती 'ओलांडण्याची' कथा ह्या नावात आहे. भाषांतरकारांनी पास्काचा ध्वनी सोडला व अर्थ घेतला. गोव्याने अर्थ सोडला व ध्वनी ठेवला. मला स्वतःला पहिला मार्ग अधिक धाडसाचा वाटतो.

आता आमच्या फजितीचे खरे कारण. यहुदी वल्हांडण पौर्णिमेशी बांधलेला सण आहे, आणि त्यामुळे ईस्टरही चंद्राशी बांधला गेला. २१ मार्च रोजी वा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढचा रविवार, हा त्याचा नियम. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल ह्यांच्या दरम्यान फिरतो. चर्चची पौर्णिमा कोष्टकाने ठरते व आकाशातल्या पौर्णिमेशी तिचा एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, परंतु सामान्यतः ईस्टर आपल्या फाल्गुन वा चैत्र वद्याच्या पहिल्या आठवड्यात येतो असे म्हणावयास हरकत नाही.

कोळ्याचे पाणीही त्याच चंद्राचे. पौर्णिमेनंतर एकदोन दिवसांत 'उधाण' येते, आणि अष्टमीच्या सुमारास 'भांग', म्हणजे मंद भरती-ओहोटी. उधाणात खाडीचे पाणी इतक्या वेगाने धावते की दोरीला बांधलेले शिसे तळाशी ठरत नाही, व गाळही उठतो. भांगात पाणी निवळते, पण फार मंदावते. २०२५ मध्ये पौर्णिमा १२ एप्रिलच्या रात्री आणि ईस्टर २० ला, म्हणजे सण भांगात. २०२६ मध्ये पौर्णिमा २ एप्रिलला व ईस्टर ५ ला. तेव्हा सण ऐन उधाणात. सण एकच, पाणी भिन्न. होडीवाल्यास हे सांगावे लागले नाही. त्याने आम्हांस सोमवारी, सणाच्या दुसऱ्या दिवशी, भरती चढू लागताना नेले. आमिष कोळंबीचे, तो म्हणे 'सुंगटां'. मिळाला एक लहानसा 'चोणक'. रायगडकडे ह्याच माशास 'जिताडा' म्हणतात.

प्रमाण मराठीत रूढ असलेला 'गळ' त्याच्या तोंडी नव्हता. तोही 'गरी'च म्हणत होता, जसे आम्ही उंद्रीला म्हणतो. मालवणीत तर 'गरवणे' असे क्रियापदही आहे. किनारा आणि वऱ्हाड ह्यांच्यामध्ये सबंध देश पसरलेला असता दोन टोकांना एक शब्द टिकावा आणि मध्ये पुस्तकी भाषेने दुसरा उचलावा, ही बाब पाहणी करण्याजोगी आहे. शुभवर्तमानांतही कोळी बहुतेक जाळ्याचेच आहेत. पेत्राला गळ टाकावयास सांगितले, तो प्रसंग एकट्या मत्तयात येतो. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्रावर रात्रभर रिकामे राहिलेले जाळे पहाटे १५३ माशांनी भरले, ही योहानातील कथा ईस्टरच्या आठवड्यातील शुक्रवारी चर्चमध्ये वाचतात. ती ऐकावयास आम्ही थांबलो नाही. सुट्टी संपली होती.

२०२७ मध्ये होळी पौर्णिमा २२ मार्चला आणि ईस्टर २८ मार्चला येतो. उंद्रीची होळी आटोपून निघाले तर पास्काला पोहोचता येईल, आणि पाणी भांगाचे असेल. होडी मात्र ह्या वेळी सोमवारचीच सांगणार आहे.