व्यवसाय कर

व्यवसाय कर : व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकरी यांवर राज्य शासन अथवा स्थानिक संस्था आकारीत असलेला प्रत्यक्ष कर. भारतात शेतीखेरीज अन्य उत्पन्नावरील प्राप्तिकर केंद्र शासन आकारते. त्यामुळे अमेरिकेतील अनेक राज्यांप्रमाणे येथे वर्षाच्या मध्यास राज्य बदलणाऱ्या व्यक्तीस प्रत्येक राज्याचे स्वतंत्र प्राप्तिकर विवरणपत्र भरावे लागत नाही. राज्यांतराचा परिणाम मुख्यतः व्यवसाय करावर होतो.

संविधानाच्या २७६ व्या अनुच्छेदानुसार या कराची कमाल वार्षिक मर्यादा प्रारंभी २५० रु. होती, ६० व्या घटनादुरुस्तीने (१९८८) ती २,५०० रु. झाली. ही मर्यादा प्रत्येक राज्यापुरती असून, दोन राज्यांच्या एकत्रित करास ती लागू नाही. दिल्ली, हरयाणा व उत्तर प्रदेश येथे हा कर नाही.

महाराष्ट्रात हा कर १९७५ च्या अधिनियमान्वये सुरू झाला. १९७२ च्या दुष्काळातून पुढे आलेल्या रोजगार हमी योजनेसाठी निधी उभारणे, हा त्यामागील प्रमुख हेतू होता. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या तालुक्यांत नीरा डाव्या कालव्याखाली उसाची बागायत, तर उर्वरित भागात पर्जन्यछायेतील जिराईत शेती, असे दुहेरी चित्र आढळते. शहरातील पगारदाराच्या करातून अशा जिराईत भागातील मजुरास काम मिळावे, अशी ही योजना होती.

नोकरदाराचा कर मालक वेतनातून दरमहा कापून भरतो. उदा., दरमहा ३०,००० रु. वेतन घेणारा बारामती औद्योगिक क्षेत्रातील तंत्रज्ञ एप्रिल ते सप्टेंबर २०२५ येथे व त्यानंतर मार्चअखेर बंगळूरू येथे नोकरीस असल्यास, महाराष्ट्रात दरमहा २०० रु. प्रमाणे १,२०० रु. आणि कर्नाटकात फेब्रुवारीचे ३०० रु. धरून १,३०० रु. कर होतो. प्राप्तिकराचे विवरणपत्र मात्र एकच असते; त्यात दोन्ही मालकांकडील वेतन एकत्र दाखवावे लागते. पहिल्या मालकाकडील वेतनाची माहिती नव्या मालकास न दिल्यास करकपात अपुरी होऊन वर्षअखेर मोठी रक्कम एकदम भरावी लागते.

वकील, वैद्य इ. स्वतंत्र व्यावसायिकांची स्थिती निराळी आहे. त्यांचा कर वार्षिक असल्याने एकाच वर्षी दोन्ही राज्यांची मागणी उद्‌भवू शकते. पूर्वीच्या राज्यातील नावनोंदणी रीतसर रद्द न केल्यास तेथील थकबाकी व व्याज वाढत राहते.

गावाकडील शेतीचे उत्पन्न हा राज्यसूचीतील विषय आहे. इंदापूरच्या उसाचे उत्पन्न केंद्रीय प्राप्तिकरातून मुक्त असते. तथापि ते ५,००० रु. हून अधिक व अन्य उत्पन्न करपात्र मर्यादेपेक्षा जास्त असल्यास कराचा दर ठरविताना ते हिशेबात धरले जाते. राज्य बदलल्याने या नियमात फरक पडत नाही.