खडखड कशाची, खर्च कशावर?

टॅक्सीचालक बांधवांची नेहमीची तक्रार असते की, पुढच्या चाकाकडून आवाज येतो आणि मेस्त्री थेट शॉकअप बदलायला सांगतो. आमचे म्हणणे असे की, आधी आवाज ओळखा.

बारीक खड्ड्यांवर हळू चालताना खडखड होत असेल, तर बहुधा लिंक रॉड सैल झालेला असतो. हे काम स्वस्तातले आहे. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना 'कट्' वाजले, तर शॉकअपच्या माथ्यावरील माउंटिंग पाहावे. ब्रेक मारताच धप्प होणे ही लोअर आर्मच्या बुशची खूण. शॉकअपवर तेल ओघळले असेल, तर तो गेला. मग दोन्ही बाजूंचे जोडीने बदलावेत.

बॉल जॉइंटची तपासणी मात्र टाळू नये. जॅकखेरीज स्टँड लावून चाक वर-खाली हलवावे. सांध्यात खेळ दिसला, तर गाडी रस्त्यावर काढू नये; सांधा निसटला की चाकच आडवे पडते. नव्या बुशचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच पक्के आवळावेत, नाहीतर रबर लवकर फाटते.

गॅरेजवाल्या बांधवांनीही काढलेला भाग मालकाच्या हाती द्यावा. इमानदारीचे काम पाहिलेले गिऱ्हाईक पुन्हा येते.