क्रीट : डोंगरांनी घडवलेला किनारा

स्थान आणि आकार

क्रीट हे ग्रीसचे सर्वांत मोठे आणि भूमध्य समुद्रातील पाचव्या क्रमांकाचे बेट. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २६० किलोमीटर. रुंदी मध्यभागी ६० किलोमीटरच्या आसपास, तर पूर्वेला इयेरापेत्राजवळ जेमतेम १२. या चिंचोळ्या भूमीवर पश्चिमेला लेफ्का ओरी, मध्ये प्सिलोरितिस आणि पूर्वेला दिक्ती असे तीन पर्वतसमूह उभे आहेत. पहिल्या दोहोंची सर्वोच्च शिखरे अनुक्रमे २४५३ व २४५६ मीटर उंच, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दीडपट. एवढी उंची आणि समुद्र यांच्यात अंतर फार थोडे असल्यामुळे बंदर कुठे झाले, पाणी कुठे मिळते, रस्ता कुठे थांबतो या बहुतेक प्रश्नांचे उत्तर डोंगरात सापडते.

उत्थान

आफ्रिकी भूपट्ट क्रीटच्या दक्षिणेला एजियन भूपट्टाखाली सरकतो आणि वरचे बेट हळूहळू उचलले जाते. कधी ही हालचाल एका झटक्यात होते. इ. स. ३६५च्या भूकंपात बेटाचा नैऋत्य भाग सुमारे नऊ मीटर वर आला आणि त्यातून उठलेल्या लाटा इजिप्तमधील अलेक्झांड्रियापर्यंत पोहोचल्या. पश्चिम टोकावरील फालासार्ना हे प्राचीन बंदर त्यामुळे आज कोरड्या जमिनीवर आहे. जहाजे लागत त्या जागी पायी फिरता येते.

चुनखडी आणि पाणी

सह्याद्रीत बसाल्टच्या थरांवरून पाणी वाहते, कड्यांवरून कोसळते. क्रीटचे डोंगर मुख्यतः चुनखडीचे. पाऊस आणि वितळलेला बर्फ खडकाच्या भेगांतून खाली मुरतो. त्यामुळे हिवाळ्यात भरपूर हिम पडूनही उन्हाळ्यात माथे पांढरेफटक आणि रखरखीत दिसतात. लेफ्का ओरी, म्हणजे श्वेत पर्वत, हे नाव दोन्ही ऋतूंत शोभते. मुरलेले पाणी पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने वर येते, पण सगळेच उपयोगी नसते. इराक्लिओ शहराजवळचा आल्मिरोस हा मोठा झरा वर्षाचा बराच काळ मचूळ असतो, कारण भूगर्भात त्यात समुद्राचे पाणी मिसळते. डोंगरांमधील खोलगट पठारे हीदेखील याच खडकाची निर्मिती. दिक्तीतील लासिथी पठार सुमारे ८४० मीटर उंचीवर आहे. तिथे साठलेल्या गाळावर बटाटे व भाजीपाला पिकतो. विहिरींचे पाणी उपसण्यासाठी तिथे एकेकाळी पांढऱ्या कापडी शिडांच्या हजारो पवनचक्क्या फिरत. पंप आल्यावर त्यांपैकी फारच थोड्या उरल्या.

उत्तरेची शहरे

पर्वतांचा उतार उत्तरेकडे तुलनेने सौम्य आहे. तिथे मैदाने, उपसागर आणि ग्रीसच्या मुख्य भूमीकडे तोंड असलेली बंदरे मिळाली. म्हणून हानिया, रेथिम्नो आणि इराक्लिओ ही तिन्ही मोठी शहरे उत्तर किनाऱ्यावर आहेत. तेराव्या शतकापासून १६६९पर्यंत बेट व्हेनिसच्या ताब्यात होते. तट, किल्ले आणि जहाजबांधणीच्या कमानदार वखारी त्या काळातल्या. इराक्लिओचा तट किती भक्कम होता हे ऑटोमन सैन्याला त्या शहराभोवती १६४८ ते १६६९ अशी २१ वर्षे वेढा घालून बसावे लागले, यावरून कळते. हानियाच्या धक्क्यावर व्हेनेशियन इमारतींच्या रांगेतच घुमटाची ऑटोमन मशीद आहे, आणि समोरच्या दीपस्तंभाला आजचे रूप १८३०च्या दशकात इजिप्तच्या अमलाखाली मिळाले. बेटाचा राजकीय इतिहास वाचायला हे एक बंदर जवळजवळ पुरेसे आहे. इराक्लिओलगतचा क्नोसोस हा मिनोअन संस्कृतीतील राजवाडा मात्र याहून फार जुना. १९००पासून आर्थर इव्हान्स यांनी तिथे उत्खनन केले आणि काही भाग काँक्रीट वापरून पुन्हा उभारले. त्या पुनर्रचनेवरचा वाद अद्याप मिटलेला नाही. मिनोअन लोकांची पूजास्थाने शेजारच्या युख्तास डोंगराच्या माथ्यावरही होती, ही गोष्ट राजवाड्यात रमलेल्या प्रवाशांच्या सहसा ध्यानात येत नाही.

दक्षिण किनारा

दक्षिणेला डोंगर जवळजवळ थेट लिबियन समुद्रात उतरतात. स्फाकिया भागातील लूत्रो या गावाला आजही मोटाररस्ता नाही. बोटीने किंवा पायवाटेनेच जावे लागते. या दुर्गमतेचा राजकीय परिणामही झाला. १७७०चे ऑटोमन सत्तेविरुद्धचे बंड दासकालोयानिसच्या नेतृत्वाखाली इथूनच उठले. मे १९४१मध्ये जर्मन छत्रीधारी सैनिकांनी उत्तरेचा मालेमे विमानतळ जिंकल्यावर दोस्तांच्या फौजा श्वेत पर्वत पायी ओलांडून होरा स्फाकियोनला आल्या. तिथून हजारोंना जहाजांनी इजिप्तला हलवण्यात आले. जहाजांत जागा न मिळालेले अनेक जण युद्धकैदी झाले, तर काही डोंगरांत शिरले आणि त्यांना गावकऱ्यांनी आसरा दिला.

समारिया घळ

डोंगर आणि किनारा यांना जोडणारा सर्वांत प्रसिद्ध मार्ग म्हणजे समारिया घळ. ओमालोस पठाराच्या कडेला सुमारे १२३० मीटरवर वाट सुरू होते आणि १६ किलोमीटरनंतर आयिआ रूमेली येथे समुद्राला मिळते. अगदी अरुंद ठिकाणी दोन कड्यांमध्ये चारेक मीटरच अंतर उरते. १९६२मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झाले आणि आतल्या समारिया गावातील रहिवाशांना बाहेर वसवण्यात आले. गाव रिकामे झाले, पण क्री-क्री या रानबकरीला आश्रय मिळाला. घळ साधारण मे ते ऑक्टोबर खुली असते. पाऊस किंवा दरडीची भीती असल्यास त्या काळातही बंद ठेवतात. उतरायला पाच ते सात तास लागतात. सगळी वाट उताराची असल्याने ती सोपी वाटते, आणि गुडघ्यांना त्याची किंमत मोजावी लागते.

मेंढपाळांचे चक्र

पर्यटक येण्याच्या कितीतरी आधीपासून डोंगर-किनारा अशी ये-जा मेंढपाळ करत आले. उन्हाळ्यात कळप उंच कुरणांवर, हिवाळ्यात किनाऱ्यालगत. चुना न वापरता दगड रचून बांधलेल्या, घुमटाकार छताच्या मितातो नावाच्या झोपड्या प्सिलोरितिसवर अजून दिसतात. तिथेच चीज बनत असे. बेटावरच्या खानावळींत मिळणारे ग्राविएरा हे कठीण चीज मुख्यतः मेंढीच्या दुधाचे, म्हणजे त्याची सुरुवात याच कुरणांत होते. डोंगरी गावांचा करारी स्वभाव रस्त्याकडेच्या फलकांवरही उमटलेला असतो : अनेकांना बंदुकीच्या गोळ्यांची भोके आहेत.

ऋतू आणि मर्यादा

महाराष्ट्राच्या उलट इथे पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. पश्चिम भाग ओला, पूर्व भाग शुष्क. मे महिन्यात शिखरांवर बर्फ शिल्लक असतो आणि खाली समुद्रस्नान शक्य असते. डोंगर आणि किनारा दोन्ही पाहायचे असल्यास मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ योग्य. जुलै-ऑगस्टमध्ये उष्मा, गर्दी आणि मेल्तेमी हे उत्तरेचे जोरकस वारे एकत्र येतात. नकाशावरची अंतरे फसवी आहेत : उत्तर किनाऱ्यालगतचा मुख्य रस्ता सोडून दक्षिणेकडे वळले की पन्नास किलोमीटरना दीड तास सहज जातो. आयिआ रूमेलीलाही मोटाररस्ता नसल्याने समारिया उतरणाऱ्यांचा परतीचा प्रवास बोटीने सूया किंवा होरा स्फाकियोनपर्यंत आणि पुढे बसने हानियाला असा असतो. समुद्र खवळला तर बोटी रद्द होतात. म्हणून त्या दिवसानंतर लगेच परतीचे विमान न ठेवणे शहाणपणाचे.