न्यूक्लिइक आम्लांचे संकरण : तत्त्व आणि सिकलसेल निदानातील उपयोग

प्रस्तावना :
डीएनएच्या दुहेरी सर्पिलातील दोन साखळ्या परस्परांपासून विलग होऊ शकतात व अनुकूल परिस्थितीत पुन्हा जुळतात. भिन्न स्रोतांतील एकेरी साखळ्याही परस्परपूरक असल्यास जोडल्या जातात. या क्रियेस न्यूक्लिइक आम्लांचे संकरण म्हणतात. प्रस्तुत लेखात या क्रियेचे तत्त्व व सिकलसेल आजाराच्या निदानातील तिचा उपयोग यांचा विचार केला आहे.

तत्त्व :
अ‍ॅडेनीन व थायमीन यांच्यात २, तर ग्वानीन व सायटोसीन यांच्यात ३ हायड्रोजन बंध असतात. द्रावण तापविल्यास ते तुटतात. ज्या तापमानास निम्मे रेणू विलग होतात, त्यास वितलन तापमान म्हणतात. ग्वानीन-सायटोसीन जोड्या अधिक असल्यास ते वाढते. क्षाराचे प्रमाण वाढविल्यासही ते वाढते, कारण क्षारातील धन आयन फॉस्फेट गटांमधील प्रतिकर्षण कमी करतात. याउलट, साखळ्यांत बेमेळ जोडी असल्यास ते घटते. विलग साखळ्या सावकाश थंड केल्यास पुन्हा जुळतात, हे मार्मर व डोटी यांनी १९६० साली दाखविले. १९६१ मध्ये हॉल व स्पीगेलमन यांनी डीएनए-आरएनए संकर सिद्ध केला.

निदानातील उपयोग :
सिकलसेल आजारात बीटा-ग्लोबिन जनुकातील एका अ‍ॅडेनीनच्या जागी थायमीन येते व प्रथिनात ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसते. हा एका घटकाचा फरक ओळखण्यासाठी १९८३ साली १९ घटकांचे दोन कृत्रिम शोधक वापरण्यात आले. एक सामान्य जनुकास पूरक, दुसरा बदललेल्या जनुकास. तापमान काटेकोर राखल्यास केवळ पूर्णतः पूरक शोधकच टिकून राहतो. निरोगी व्यक्तीत पहिला, रुग्णात दुसरा, तर वाहकात दोन्ही शोधक जुळलेले आढळतात.

महत्त्व :
विदर्भ व नंदुरबार परिसरातील अनेक समाजांत हा आजार आढळतो. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. गर्भाच्या रक्तात प्रामुख्याने गर्भकालीन हिमोग्लोबिन असल्याने त्याच्या निदानासाठी डीएनएचीच तपासणी विश्वासार्ह ठरते.

निष्कर्ष :
पुढे प्रचलित झालेली पॉलिमरेज शृंखला अभिक्रियाही पूरक साखळ्यांच्या जुळणीवरच आधारलेली आहे. पद्धती बदलल्या, तरी पूरकतेचे तत्त्व कायम आहे. एका घटकाचा बदल जन्मापूर्वी ओळखता येणे, हे वाहक दांपत्यांच्या दृष्टीने या तत्त्वाचे मोठे फलित होय.