विमानाच्या पंख्याचा कोन : ताठ नको, सैल नको

२०१६ साली मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात एक सहा आसनी विमान मांडले होते. ते कुठल्या कारखान्यात तयार झालेले नव्हते. वैमानिक अमोल यादव यांनी ते कांदिवलीला चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधले होते. अमेरिकेत तर अशी घरी बांधलेली विमाने हजारोंनी आहेत. या बांधणीत एक काम दिसायला लहान, पण जिवाशी गाठ असलेले आहे. ते म्हणजे विमानाच्या पंख्याच्या पात्यांचा कोन बसवणे.

आपल्या घरातला छताचा पंखा पाहा. पाती तिरपी असतात म्हणून वारा लागतो. ती अगदी सपाट असती, तर पंखा नुसता फिरला असता. विमानाचा पंखाही तिरप्या पात्यांनी हवा मागे लोटतो आणि विमान पुढे जाते. बोल्ट एका फेऱ्यात आपल्या आट्यांप्रमाणे ठरावीक अंतर पुढे सरकतो. तसा पंखा एका फेऱ्यात हवेत किती पुढे जाईल, त्या मापाला ‘पीच’ म्हणतात. १९०३ साली विमान उडवणाऱ्या राइट बंधूंचे सायकलचे दुकान होते. पंखा म्हणजे गोल फिरणारे पंखच आहेत, हे ओळखून त्यांनी आपले पंखे गणिताने आखले आणि लाकडातून स्वतः घडवले.

कोन कमी ठेवला तर इंजिन हलके फिरते. एस.टी. पहिल्या गिअरमध्ये घाट चढते, तसे विमान झपाट्याने वर जाते. पण सपाट उड्डाणात वेग मिळत नाही आणि इंजिन हद्दीबाहेर फिरू लागते. कोन जास्त ठेवला तर उलटे होते. इंजिनावर ओझे पडते, फेरे भरत नाहीत, विमान धावपट्टीवर लांब धावते आणि समोरची झाडे जवळ येऊ लागतात! हलक्या विमानांत पुष्कळदा दिसणाऱ्या रोटॅक्स ९१२ इंजिनाची हद्द मिनिटाला ५८०० फेऱ्यांची आहे, तीही ५ मिनिटांपुरती. सतत चालवायचे तर ५५००.

जमिनीवर कोन बदलता येणाऱ्या पंख्याचे काम असे चालते. प्रथम इंजिनाची ठिणगी बंद करून किल्ली काढायची आणि चाकांना अडण लावायची. बंद इंजिनाचा पंखाही केव्हाही फिरेल, असे समजूनच हात लावायचा. प्रत्येक पात्यावर मध्यापासून सारख्या अंतरावर खूण करायची. पाते आडवे आणून खुणेवर कोनमापक ठेवायचा, बोल्ट सैल करून पाते किंचित वळवायचे. सर्व पात्यांचा कोन एकच हवा. एक पाते जरी वेगळे राहिले, तरी सारे विमान थरथरते, बोल्ट सुटू लागतात, जोडांना तडे जातात. शेवटी बोल्ट कारखान्याने सांगितलेल्या जोरानेच, मापाच्या पान्याने आवळायचे. मग विमान मागून बांधून इंजिन पूर्ण जोरात चालवायचे आणि फेरे वहीत लिहायचे. एका अंशानेही शेकडो फेऱ्यांचा फरक पडतो. म्हणून थोडे बदलायचे, पुन्हा मोजायचे, आणि मगच उडून पाहायचे.

तथागतांनी सोण भिक्खूला वीणेची उपमा दिली होती, ती इथे आठवते. तार फार ताणली तर सूर बिघडतो, सैल सोडली तरी बिघडतो. पंख्याचेही तेच. मात्र हा मध्य अंदाजाने सापडत नाही, तो मोजून, तपासून शोधावा लागतो. आपल्या घरातील जो मुलगा किंवा मुलगी आय.टी.आय.मध्ये पाना आणि कोनमापक हाताळते, तिच्या हातात विमानविद्येची पहिली पायरी आधीच आली आहे. तिला एवढेच सांगावे : माप वहीत लिही, आणि स्वतः पडताळल्याशिवाय कुणाच्याही शब्दावर बोल्ट आवळू नकोस.