योगाला गाण्याची साथ, पण कुठवर?

आजचं बोलणं आमच्या गटातल्या एका भांडणातून निघालं आहे.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, बाजार थंड. कोळीवाड्यातल्या बायकांना तेवढाच सकाळचा थोडा वेळ मिळतो, म्हणून आम्ही समाजमंदिरात योगासनांचा वर्ग सुरू केला. पहिल्या आठवड्यात वीस जणी आल्या, दुसऱ्यात सातच उरल्या. बाकीच्या म्हणाल्या, "गप्प बसून हात वरखाली करायचे, झोप येते गं." मग कोणीतरी मोबाइलवर कोळीगीत लावलं आणि वर्ग पुन्हा भरला. पण त्या ठेक्यावर सूर्यनमस्कार असे पळाले की पाचव्या नमस्काराला आमच्यातल्या एकीला घेरी आली. तिला बसवलं, पाणी दिलं, थोड्या वेळानं बरं वाटलं. तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे हे आम्हाला नंतर कळलं. आधीच विचारायला हवं होतं, ती चूक आमचीच.

त्या दिवशी दोन तट पडले. एकीकडे "गाणं बंद, हा काय नाच आहे का?" आणि दुसरीकडे "गाणं नसेल तर आम्ही येत नाही." मग आम्ही जाणत्यांना विचारलं, थोडं वाचलं, आणि स्वतःवर करून पाहिलं.

पहिली गोष्ट म्हणजे, योगात आवाज मुळातच आहे. ओंकार आहे, भ्रामरीत तर भुंग्यासारखा गुंजारव करतच श्वास सोडायचा असतो. सूर्यनमस्कारालाही सूर्याची बारा नावं म्हणतात. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला सूर्यनमस्कारांचा मोठा प्रसार केला, तेव्हा नमस्काराबरोबर बीजमंत्र मोठ्यानं म्हणण्यावर त्यांचा भर होता. म्हणजे गळ्यातून आवाज काढत अंग हलवणं ही काही मोबाइलनं आणलेली टूम नाही. फरक एवढाच, की मंत्र आपण स्वतः म्हणतो. आपला श्वास संपला की मंत्र थांबतो. मोबाइलमधलं गाणं आपल्यासाठी थांबत नाही.

हे नीट समजलं तर अर्धं भांडण मिटतं. गाताना किंवा म्हणताना श्वास पटकन घेतला जातो आणि सावकाश सुटतो. 2001 साली इटलीतल्या डॉक्टरांनी 23 निरोगी माणसांना एकदा लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि एकदा 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा त्यांचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. एरवी आपण मिनिटाला बारा ते अठरा-वीस श्वास घेतो. श्वास असा संथ झाला की हृदयाच्या ठोक्यांची आणि रक्तदाबाची लयही त्याच्याशी जुळते, असं त्यांना दिसलं. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण ओळीची लांबी सारखी.

त्याच संशोधकांनी 2006 मध्ये वेगवेगळं संगीत ऐकवून पाहिलं. जलद संगीतानं श्वास आणि नाडी दोन्ही वाढल्या. गाणं कुठल्या प्रकारचं आहे यापेक्षा त्याचा वेग महत्त्वाचा ठरला. आणि मध्ये दोन मिनिटांची शांतता ठेवली होती, तेव्हा शरीर सुरुवातीपेक्षाही जास्त सैल पडलं. आमच्या मैत्रिणीला घेरी का आली, याचं निदान आम्ही करणार नाही, ते डॉक्टरांचं काम. पण खाली वाकणं, झटकन उठणं आणि वर धावता ठेका, हे रक्तदाब असलेल्या बाईला सोसणारं नाही, एवढं आम्हालाही कळतं.

आता आपल्या घरातलंच एक उदाहरण घेऊ. जात्यावरची ओवी. खुंटा धरून अंग पुढे जातं, मागे येतं, आणि ओवी त्या फेऱ्याच्या चालीनं चालते. इथे जातं गाण्यामागे पळत नाही, गाणंच हाताच्या आणि श्वासाच्या मागे येतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आता पीठ गिरणीतून येतं आणि ओवी फक्त आजीला येते.

गंमत म्हणजे जातं योगातही आहे. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाच्या पद्धतीत शक्तिबंध नावाचा आसनांचा एक गट आहे. त्यात चक्की चालन म्हणजे जातं फिरवणं, नौका संचालन म्हणजे होडी वल्हवणं, रज्जुकर्षण म्हणजे दोर ओढणं. हे आम्ही वर्गात सांगितलं तेव्हा हशा पिकला. "म्हणजे आम्ही जन्मभर योगच करतोय की!" करतोय खरं, पण ओझ्याखाली आणि श्वास कोंडून. माशांची पाटी उचलताना, लावणीत तासन् तास वाकताना श्वासाकडे कोणाचं लक्ष असतं?

नौका संचालन असं करा. पाय समोर पसरून बसा. दोन्ही हातांत वल्हं धरल्यासारख्या मुठी करा. कमरेतून पुढे वाकताना श्वास सोडा, गोल फिरवत मागे येताना श्वास घ्या. ज्यांनी खरं वल्हं मारलंय त्यांचं पहिल्या दिवशी उलटं होतं, कारण वल्ह्याला जोर मागे ओढताना लागतो आणि जोराबरोबर श्वास सुटतो. इथे हातात वजन नाही. पोट दाबलं जातं तेव्हा श्वास बाहेर, एवढंच लक्षात ठेवा. पाच वेळा एका बाजूनं, पाच वेळा उलट. कोळीनाचातलं वल्हवणं याच हालचालीचं उभं रूप आहे, म्हणून त्याचं गाणं इथे शोभतं. फक्त ते आपण स्वतः म्हणायचं, आणि संथ. मणक्याची गादी सरकलेली असेल, पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा गट करू नका.

गाणं निवडायची आमची कसोटी सोपी आहे. एक ओळ एका श्वासात म्हणा. ओळ संपल्यावरही छातीत थोडा श्वास उरला, तर गाणं चालेल. धाप लागली तर ते गाणं हळदीसाठी ठेवा. ज्यांच्या घरी मुलं तबल्याचं ॲप वापरतात त्यांनी झपताल लावून पाहावा, मिनिटाला साठ मात्रांवर. दहा मात्रा म्हणजे बरोबर दहा सेकंद. समेपासून पाच मात्रा श्वास घ्या, सहाव्या मात्रेला खाली येते तिथून पाच मात्रा सोडा. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. पाच मात्रा जड गेल्या तर लय थोडी वाढवा, श्वास ओढूनताणून धरू नका.

झिम्मा-फुगडीचं काय, असं हमखास विचारतात. श्रावणात मंगळागौरीला आणि पुढे गौरी-गणपतीत आपण खेळतोच. पिंग्यात कंबर मोकळी होते, फुगडीत दंडाचा आणि तोलाचा कस लागतो. आमच्या मते हे खेळ योगाच्या आधी अंग तापवायला उत्तम, पण त्यांना आसन म्हणू नये. आसनात थांबणं असतं, फुगडीत थांबलं तर दोघी पडतात. चक्कर येणाऱ्यांनी गरगर फिरू नये, गुडघे दुखणाऱ्यांनी बसफुगडीच्या वाटेला जाऊ नये. कोणी कितीही ओढलं तरी.

टीव्हीवर मुली गाण्यावर एकसाथ आसनं करताना दिसतात तो प्रकार वेगळा. योगासनांना डिसेंबर 2020 मध्ये केंद्र सरकारनं स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता दिली आणि त्यात तालबद्ध जोडीचा प्रकारही आहे. त्यामागे कित्येक वर्षांचा सराव असतो. मुलींना जरूर पाठवा, पण पन्नाशीच्या कमरेनं त्यांची बरोबरी करू नये.

सध्या आमचा वर्ग असा चालतो. आधी पाच मिनिटं झिम्मा किंवा कोळीनाच, ज्यांना झेपेल त्यांनी. मग आपल्याच गळ्यातल्या गाण्यावर होडी, जातं आणि दोर. सूर्यनमस्कार नावं म्हणत सहाच, आणि रक्तदाबवाल्या खुर्चीवर बसून नुसते हात वर-खाली करतात. घेरी आलेली आमची मैत्रीण तिथेच बसते, आणि तिचाच आवाज सगळ्यात खडा आहे. शेवटी शवासन. तेव्हा गाणं नाही, झपताल नाही, मोबाइल दाराबाहेरच्या टोपलीत. पत्र्यावर पाऊस वाजतो तो वाजू द्यायचा.